फक्कीच्या पलीकडची वाट

माघाची धुई पडली होती. अशी, की समोरच्या माणसाचं मुंडासं दिसावं आणि तोंड दिसू नये. हायवेवरचे ट्रक नुसते हॉर्न मारत चालले होते. कंपनीचा पहिल्या पाळीचा भोंगा धुईतून नाक दाबल्यासारखा आला, तेव्हा चांगदेव मारुतरावांच्या मोकळ्या रानात उकिडवा बसून रेघा मारायची फक्की चाळत होता. रात्रीच्या दहिवरानं चुना धरला होता, त्याचे गठ्ठे झाले होते. गठ्ठा डब्यात गेला की बुडाची भोकं बुजतात आणि रेघ म्हाताऱ्याच्या दातांसारखी तुटक पडते. तुटक रेघ प्लॉट पाडणाऱ्या पप्पूला चालत नसे. पप्पू म्हणायचा, गिऱ्हाईक रान बघत न्हाई मामा, गिऱ्हाईक रेघ बघतंय.

चाळता चाळता चांगदेवानं दोनदा पूर्वेकडं मान वळवली. तिकडं काहीच दिसत नव्हतं. तरी त्याला ठाऊक होतं तिकडं काय आहे, आणि आज त्यावरूनच फक्की मारायची होती.

रेघा मारणं हे त्याच्या हाताला लहानपणापासून लागलेलं. तरणा होता तेव्हा गावच्या कबड्डीच्या मैदानाच्या रेघा तोच मारायचा. खेळायला त्याला कुणी घेत नसे, रेघ मात्र त्याच्याच हातची लागायची. पुढं सरकारी मोजणी आली की साखळीचं एक टोक त्याच्या हातात यायचं. कारेगावच्या शिवाराला लागून एमआयडीसी आली, त्या मोजणीतही तो ऊन-पावसात खुणा रोवत फिरला. मग कंपन्या उभ्या राहिल्या. लातूर-नांदेडची, बिहारची पोरं कामाला आली. गावानं गोठ्यावर पत्रे टाकून म्हशीच्या जागी चार-चार पोरं ठेवली आणि दुधापेक्षा भाडं बरं म्हणून म्हशी विकल्या. त्या पोरांची लग्नं झाली, त्यांना घरं हवी झाली, आणि रानाचे गुंठे पडायला लागले.

गुंठे पाडण्यात पप्पू सगळ्यांच्या पुढं. मारुतरावांचा हा पुतण्या. आधी त्याचं व्हिडिओचं दुकान होतं, आता बुडाखाली जीप आणि कमरेला मोबाईल. पार भीमेपलीकडं दौंडात, यवत-वरवंडला हायवेकडेनं त्याच्या भागीदारांनी प्लॉट पाडले, तिथंही फक्की मारायला तो चांगदेवालाच न्यायचा. "ह्यो माणूस रेघ मारतो ती टेपाला लावून बघा," असं चारचौघांत सांगायचा. चांगदेवाला ते बरं वाटायचं. उगाच का खोटं बोला.

आता पप्पूनं घरचंच रान काढलं होतं. नाव ठेवलं होतं मोरया पार्क.

या रानाच्या पूर्वेला बांध, आणि बांधाच्या अलीकडून एक वाट ओढ्याकडं जाते. ती भीमनगरची वाट. भीमनगर म्हणजे चांगदेवाची वस्ती. ओढ्याच्या काठाला वस्तीची स्मशानभूमी. आज्या-पणज्याच्या काळात वस्तीतलं मढं गावातल्या रस्त्यानं न्यायची सोय नव्हती, म्हणून मारुतरावांच्या आज्यानं आपल्या रानातून बांधाकडेनं जायला सांगितलं होतं. सांगितलं होतं, एवढंच. कागदावर काही नाही. ना सातबाऱ्यावर, ना नकाशावर. आणि पप्पूचा हुकूम होता, बांधाला भिडवून शेवटपर्यंत प्लॉट काढा.

हे वस्तीत कळलं तेव्हा विहारापुढं माणसं गोळा झाली होती. चांगदेवाचा पोरगा सम्राट कंपनीत ठेकेदाराकडं होता, तो म्हणाला, "शिरूरला तहसीलला निवेदन देऊ. मोर्चा काढू."

"मोर्चा काढ," ज्ञानदेव म्हणाला. हा चांगदेवाचा चुलतभाऊ, तोंडानं फटकळ. "आन् मोर्चाच्या फुडं तुझ्या बापाला चालीव फक्कीचा डबा घिऊन. आमच्या मढ्यावरनं रेघ मारणारा तोच हाय."

सगळे हसले. चांगदेवही हसला, पण ते हसू त्याच्या तोंडावर बसेना. शेवटी ठरलं ते असं, की चांगदेवानं मारुतरावांना भेटायचं. त्याचं तिथं येणं-जाणं आहे.

तो भेटला. मारुतराव ओट्यावर तंबाखू मळत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी आता कुठं मालक राह्यलोय, चांगदेवा? सह्या करायला मालक. पप्पूला इचारतो."

"आबा, तुमी शब्द टाकला तर..."

"टाकतो म्हनलं ना."

त्या ‘टाकतो’वर चांगदेव उठून आला होता. त्याला पंधरवडा झाला. शब्द टाकला की गिळला, काही कळलं नव्हतं. आणि त्यात नकुशी आत्या अंथरुणाला खिळलेली. बापाची धाकटी बहीण, नवरा लवकर गेला म्हणून माहेरीच राहिलेली, चांगदेवाला अंगाखांद्यावर खेळवलेली. डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं होतं. ती रोज संध्याकाळी एकच विचारायची, "चांग्या, वाट हाय न्हवं?"

"हाय की आत्या."

"न्हाई, मला मागल्या दारानं नगं नेऊ. मला सरळ वाटंनं ने."

हे सगळं डोक्यात घेऊन तो धुईत उठला. टेप धरला, खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली. पश्चिमेकडचे प्लॉट झाले, मधला रस्ता झाला. धुई हलेना. दहा पावलांवरची खुंटी दिसत नव्हती, नुसतं पायांनी चालायचं, हातानं डबा हलवत राहायचं. असं करत करत तो बांधाकडं आला. फक्कीचं पोतं खांद्यावर होतं. डबा संपला म्हणून त्यानं पोतं खाली टेकवलं, डबा भरला, तिथंच खुंटी ठोकली, सुतळी बांधली आणि ओढ्याच्या दिशेनं रेघ मारत निघाला. परत डबा संपला, परत पोतं टेकवलं, परत तिथंच खुंटी.

आता भीमनगरच्या माणसांची एक खोड आहे. देव सोडले, नवस-सायास सोडले, अंगात येणं सोडलं, पण त्या वाटेवर ओझं टेकवायचं नाही, हे काही सुटलं नाही. कुणी शिकवत नाही. काडीचा भारा डोक्यावर असो, पाण्याची घागर असो, बाई दमून मोडायला आली तरी वाट ओलांडून पलीकडं टेकवील नाहीतर अलीकडं. त्या वाटेवर खाली ठेवायचं ते एकच ओझं, आणि तेही विसाव्याच्या दगडापाशी. सम्राटसारखी शिकलेली पोरं याला अंधश्रद्धा म्हणतात आणि सायकलवरचं दळण मात्र वाटेच्या कडेला उतरवतात.

चांगदेवानं पोतं दर खेपेला वाटेच्या अलीकडं टेकवलं. जिथं पोतं तिथं खुंटी, जिथं खुंटी तिथं रेघ.

ऊन वर आलं, धुई फाटली, आणि त्यानं मागं वळून बघितलं. त्याच्या उभ्या जन्मातली सगळ्यात सरळ रेघ बांधापासून चांगली लांब, पार ओढ्यापर्यंत गेली होती. रेघेच्या अलीकडं प्लॉट. पलीकडं वाट, जशीच्या तशी मोकळी.

आपण हे मुद्दाम केलं का, हे त्याचं त्यालाच कळेना. रेघ पुसावी म्हणून त्यानं पाय उचलला. पाय तसाच राहिला, कारण जीप आली.

पप्पूबरोबर पाच-सहा गिऱ्हाइकं होती. त्यांची आठवड्याची सुट्टी, त्यामुळं बायका-पोरंही आलेली. पप्पूनं जीपमधूनच रेघ बघितली आणि त्याचा चेहरा पडला. तो उतरून तरातरा चांगदेवाकडं आला. "मामा, काय पेऊन आलाय का? बांधाला भिडवा म्हनलं हुतं."

"धुई हुती पप्पूशेठ. लगीच मोडतो."

तोवर गिऱ्हाइकातला एक जाडा माणूस, हेल्मेट काखेत मारून, त्या पट्ट्यात जाऊन उभा राहिला होता. त्यानं लांबवर नजर टाकली आणि विचारलं, "हा रस्ता किती फुटी?"

पप्पू थांबला. एक क्षणच. मग त्याच्या तोंडावर हसू आलं ते पार कानापर्यंत. "पंधरा फुटी हाय साहेब. पूर्वेचा रस्ता. ह्या बाजूचे सगळे प्लॉट रोड टच. दार पूर्वेला निघतंय, वास्तूलाबी चांगलं."

झालं. ज्या प्लॉटांकडं कुणी बघितलं नसतं ते प्लॉट आधी संपायला लागले. गिऱ्हाइकांसाठी घातलेल्या मंडपात थंड्याच्या बाटल्या फुटल्या. पप्पूनं चांगदेवाला बाजूला घेतलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "मामा, डोकं चालीवलंत. आपल्याला तर सुचलंच न्हवतं."

"न्हाई वो, मी काय..."

"ऱ्हाऊ द्या. एकच ध्यानात धरा. फुडं काय हाय म्हनून कुणी इचारलं तर वढा हाय म्हनायचं. वढाच हाय ना? का खोटं हाय?"

"वढा हाय," चांगदेव म्हणाला.

घरी येऊन त्यानं सांगितलं तर वस्तीत दिवाळी झाली. ज्ञानदेव विहारापुढं म्हणाला, "आमच्या चांगदेवानं धुईत वाट चोरली बघा," आणि स्वतःच्या खिशातून चहा सांगितला. नकुशी आत्याला कुणीतरी जाऊन सांगितलं तर ती नुसती मान हलवत राहिली. सम्राट मात्र जेवताना म्हणाला, "आप्पा, त्या लोकांना म्हाईत न्हाई ना तिकडं काय हाय ते?"

"न्हाई."

"मग बंगले बांधल्यावर दारावरनं मढं चाललं की कळंल. आज एक मालक हुता, उद्या धा हुतील. आबाचं तोंड तरी वळखीचं हुतं."

"जेव," रंभा म्हणाली. चांगदेवाची बायको चार शब्दांचं काम एका शब्दात करणारी. पण तीही हात धुताना म्हणाली, "पोरगं खोटं न्हाई बोलत."

त्या दिवसापासून चांगदेवाला काही चैन पडेना. रेघ मारायला गेला की हात चालायचा, डोकं चालायचं नाही. गिऱ्हाईक आलं की तो लांब सरकायचा, खुंट्या बघितल्यासारखं करायचा. कुणी विचारलंच, तर तो ओढ्याकडं हात करायचा, तोंडानं काही बोलायचा नाही. हात केला म्हणजे खोटं बोललं असं होत नाही, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. ती समजूत घरापर्यंतही टिकायची नाही. वाट बंद झाली असती तर दोष पप्पूचा असता. आता वाट उघडी राहिली होती, आणि तिचा दोष सगळा आपल्या खांद्यावर आला, असं त्याला वाटायला लागलं. रस्त्यानं चालताना तो मध्येच थांबायचा. रंभा विचारायची, काय इसारलं? काही नाही, म्हणायचा.

पुढच्या सुट्टीला परत मंडप लागला. या वेळी मारुतरावही येऊन खुर्चीवर बसले होते. लोकांच्या आणि जनावरांच्या पायांनी फक्की पुसट झाली होती, ती चांगदेव उजळत होता. ओढ्याकडच्या शेवटच्या प्लॉटापाशी एक बाई एकटीच उभी होती. तिशीतली, हातात छत्री, पायात कंपनीच्या पोरांचे असतात तसले बूट. नवऱ्याचे असावेत.

"मामा, ही रेघ तुम्हीच मारता व्हय?"

"मीच मारतो."

"मी अनिता. अंबाजोगाईकडची. हितं कारेगावात खोलीवर ऱ्हातो आमी, सात वर्षं झाली. मालक आज डबल ड्युटीला गेलेत, म्हणून मीच आले बघाया." तिनं प्लॉटाच्या चारी बाजूंनी चालून बघितलं. मग रस्त्याकडं वळली. "हा रस्ता कुठं जातो?"

चांगदेवाचा हात आपसूक ओढ्याकडं उठला.

"ओढा दिसतोय मला," ती म्हणाली. "ओढ्याला कोण एवढा रस्ता सोडतं? पप्पूशेठ गुंठ्यात वीत सोडत नाहीत."

चांगदेवानं मंडपाकडं बघितलं. पप्पू पाठमोरा, मोबाईलवर बोलत होता. चांगदेवानं डबा हातातच धरून ठेवला. हिला सांगितलं तर ही जाईल, जाऊन दुसरीला सांगेल, सांजच्याला सगळ्या कारेगावात होईल आणि उद्या पप्पू वाट नांगरून टाकील. नाही सांगितलं तर एक दिवस नकुशी आत्याला घेऊन आपण येऊ आणि ही दारात आडवी होईल. तिचंही चुकणार नाही.

"तिकडं आमची स्मशानभूमी हाय," तो म्हणाला. "भीमनगरची. आमची मढी ह्याच वाटंनं जात्यात. पयल्यापास्नं."

बाई छत्रीचं टोक मातीत फिरवत राहिली.

"दारावरनं?"

"व्हय. दारावरनंच जानार. मेणबत्त्या घिऊन, चार-दोन शब्द म्हनत जात्यात. रडारड आस्ती."

"वाजंत्री?"

"न्हाई."

"आमच्याकडं वाजवतात," ती म्हणाली. मग ओढ्याकडं बघत म्हणाली, "माझा सासरा पावसाळ्यात वारला. स्मशानाला रस्ता न्हाई आमच्या. दुसऱ्याच्या सोयाबीनमधून न्यायचं तर तो काठी घेऊन उभा ऱ्हायला. म्हणला, पीक मोडतंय. मढं बांधावर ठेवून दोन घंटे भांडलेत माझे दीर." तिनं मान वर केली. "तुमच्यात लई मरतात का हो?"

"आमच्यात मानूस एकदाच मरतं, ताई."

ती हसली. चांगदेवाला हसू आलं नाही, त्यानं ते गंभीरपणानंच सांगितलं होतं.

"मग असू द्या," ती म्हणाली. "मेलेली माणसं भाडं मागत न्हाईत, नळावर भांडत न्हाईत. आन् ज्या वाटंनं मढं जातं ती वाट कुणी इकत न्हाई. बाकी रस्ते काय, आज फक्की हाय, उद्या त्याच्यावर दुकान." आणि ती मंडपाकडं चालायला लागली. चांगदेव डबा घेऊन तिच्या मागं. थांबा ताई म्हणावं असं त्याला वाटत होतं, पण तिचे बूट फार लांब पडत होते.

मंडपात ती सरळ मारुतरावांपुढं जाऊन उभी राहिली. "आबा, शेवटचा प्लॉट मला हवाय. फक्त खरेदीखतात पूर्वेची हद्द लिहायची ती स्मशानभूमीकडं जाणारा रस्ता, अशी लिहा."

पप्पूचा मोबाईल कानावरच राहिला. त्यानं आधी बाईकडं बघितलं, मग चांगदेवाकडं. "ताई, कुनी सांगितलं तुमाला? वढ्याकडचा रस्ता हाय त्यो. तसंच लिवू."

"ओढ्याकडचा लिहिलं तर उद्या तुम्हीच म्हणाल ओढ्याला रस्ता कशाला. मला पक्का रस्ता पाहिजे."

"आवो, तसं लिवल्यावर बाकीची गिऱ्हाइकं पळतील."

"मी कुठं ओरडून सांगतेय? माझ्या कागदात लिहा."

"आमाला नगं तुमचं गिऱ्हाईक," पप्पू म्हणाला. "आन् मामा, तुमी तर..."

"गप," मारुतराव म्हणाले. त्यांनी तंबाखूची चिमूट गालात धरली होती, त्यामुळं शब्द जाड आला. त्यांनी चांगदेवाकडं बघितलं. "म्या शब्द टाकला न्हवता चांगदेवा. टाकायचा ऱ्हाऊन गेला. ह्या पोरापुढं शब्द टाकायचं आता भ्या वाटतं मला." ते उठले, मंडपाबाहेर जाऊन थुंकले आणि तिथूनच म्हणाले, "बाई म्हनती तसं लिव. न्हाईतर शिरूरला सहीला मी येत न्हाई. मग ईक तुझं मोरया पार्क."

पप्पूनं मोबाईल कमरेला लावला आणि बाईच्या इसारपावतीवर तशीच हद्द लिहिली. सहीशिवाय पान हलत नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. पण संध्याकाळी खुंट्या गोळा करताना तो चांगदेवापाशी आला आणि आवाज न चढवता म्हणाला, "मामा, उद्यापास्नं येऊ नगा. वरवंडच्या कामालाबी दुसरा मानूस बगतो." मग टेप त्याच्या हातातून काढून घेतला. फक्कीचा डबा राहू दिला. तो चांगदेवाचाच होता.

घरी रंभानं ऐकलं. कपाळावर हात मारला नाही, पण भाकरी थापता थापता थांबली. "बाईला सांगायची काय गरज हुती?"

"तिनं इचारलं."

"आजवर लोकांनी इचारलं तवा काय केलं?"

"हात केला."

"मग ह्या येळंला काय, हात मोडला हुता?"

त्यानं फक्कीचा डबा कोपऱ्यात ठेवला. दाराशी सम्राट उभा होता, तो पहिल्यांदाच हसला आणि म्हणाला, "आये, कागदावर आलं. पयल्यांदा कागदावर आलं." रंभा म्हणाली, "कागद भाजून खा." पण तिनं चांगदेवाच्या ताटात एक भाकरी जास्तीची टाकली.

चांगदेवाचं समाधान काही होईना. एका कागदावर आलं होतं. बाकी प्लॉटांच्या कागदांवर नुसता रस्ता होता, आणि ती सगळी दारं त्या वाटेवर उघडायची होती. जाडा माणूस हेल्मेट काखेत मारून दारात येईल, हे काय म्हणून विचारील. तेव्हा बोलायला आपल्यालाच जावं लागणार, हेही त्याला आताच दिसत होतं. उद्यापासून काम नाही, आणि जे काम आहे त्याला कुणी पैसे देणार नाही.

आतून नकुशी आत्यानं हाक मारली. त्याला वाटलं, वाटेचं विचारणार. तो उंबऱ्यात जाऊन उभा राहिला.

"चांग्या, सकाळपास्नं पोटात काय न्हाई," ती म्हणाली. "भाकर चावत न्हाई मला. कण्या कर म्हनावं रंभीला."

"कण्या न्हाईत घरात," रंभा चुलीपासून म्हणाली. "ज्वारी भरडून आणावी लागंल. गिरणी बंद व्हायच्या आत जावा."

चांगदेवानं कणगीतून दोन शेर ज्वारी काढली, सुपात घेऊन खडे वेचले, पिशवीत भरली. गिरणीवाल्याला जाडं भरड म्हणून सांगायला पाहिजे, नाहीतर तो पीठ करून ठेवतो. सायकलच्या मागच्या चाकात हवा कमी होती. त्यानं पिशवी हँडलला अडकवली आणि सायकल हातात धरून चालतच निघाला.